‘बायोडिझेलसाठी योग्य’: जुनी डिझेल गाडी विकतानाचे १०६ दिवस

८ जानेवारी २०२३ रोजी मी गाडी विकायचे ठरवले आणि २४ एप्रिलला ती कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर झाली. मधले १०६ दिवस कसे गेले ते लिहून ठेवते आहे, कारण सुरुवातीला मला नेमके हेच वाचायला हवे होते. जुनी गाडी कशी विकावी याची माहिती भरपूर सापडते. पण जिच्यात वर्षानुवर्षे बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलावर प्रक्रिया करून बनवलेले डिझेलसारखे इंधन, भरले आहे अशी गाडी विकताना काय सांगावे, काय दाखवावे आणि घेणाऱ्याच्या कोणत्या शंका रास्त आहेत, हे मला कुठे एकत्र वाचायला मिळाले नाही. खर्चाचे आकडे मी विक्रीच्या अंतिम किमतीच्या टक्क्यांत देते आहे, म्हणजे कोणालाही आपल्या गाडीच्या हिशेबाने अंदाज बांधता येईल.

गाडी २००३ सालची, चार सिलिंडरची, टर्बो असलेली डिझेल गाडी होती. इंजेक्शनचा पंप जुन्या पद्धतीचा, फिरता. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तिच्यात नव्हता. २०१० पासून मी तिच्यात बायोडिझेलचे मिश्रण भरत होते, उन्हाळ्यात निम्म्यापर्यंत आणि हिवाळ्यात २० टक्क्यांपर्यंत, कारण थंडीत बायोडिझेल साध्या डिझेलच्या आधी गढूळ होऊन फिल्टरमध्ये अडकू लागते. एकूण २,१६,००० किलोमीटरपैकी सुमारे १,१०,००० किलोमीटर ती अशा मिश्रणावर धावली होती. विकण्याचे कारणही इंधनाशीच निगडित होते. कामाचे ठिकाण घराजवळ आल्यापासून गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहू लागली. बायोडिझेल साठवणीत टिकत नाही. ते हवेतील ऑक्सिजनने खराब होते, डिझेलपेक्षा जास्त पाणी शोषून घेते, म्हणून सहा महिन्यांच्या आत वापरून टाकावे असे सांगितले जाते. माझ्या टाकीत ऑगस्टमध्ये भरलेले इंधन जानेवारीत शिल्लक होते. ज्या गाडीला रोज रस्ता हवा, तिला उभी करून ठेवणे मला बरे वाटेना.

पहिला धक्का कागदपत्रांनी दिला. नोंदणी प्रमाणपत्र बाहेर काढले तर त्यावर कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज मी २००८ मध्येच फेडले होते, शेवटच्या हप्त्याची पावतीही होती. पण कर्ज फिटले म्हणजे नोंदणीवरचा बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेचे पत्र घेऊन स्वतंत्र अर्ज करावा लागतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. १० जानेवारीला संस्थेकडे लेखी अर्ज दिला. पंधरा वर्षांपूर्वीचे खाते त्यांच्या चालू यादीत सापडेना, म्हणून दोनदा हेलपाटा झाला. दुसऱ्या वेळी मी कर्जाचा मूळ करार आणि फेडीची पावती यांच्या प्रती जोडल्यावर खाते सापडले, आणि २ फेब्रुवारीला पत्र हाती आले. दुसऱ्याच दिवशी ते नोंदणी कार्यालयात सादर केले आणि १४ फेब्रुवारीला बोजा उतरल्याची नोंद झाली. म्हणजे गाडी कोणाला दाखवण्याआधीच पाच आठवडे गेले. ज्यांना पुढेमागे गाडी विकायची आहे त्यांनी आजच प्रमाणपत्र काढून बोजाचा रकाना पाहावा, आणि त्याबरोबर नोंदणीतले नाव, पत्ता व सही आताच्या ओळखपत्राशी जुळतात का तेही. सहीचा मुद्दा पुढे येणारच आहे.

ते पाच आठवडे मी गाडीवर खर्च केले. टाकीतले जुने मिश्रण चालवून संपवले आणि त्यानंतर दोन टाक्या निव्वळ साधे डिझेल भरून वापरल्या. यामागे दोन कारणे होती. घेणारा बायोडिझेल वापरेलच असे नाही, तेव्हा गाडी त्याला साध्या इंधनावर मिळावी हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे होते: बायोडिझेलमुळे काही प्रकारचे रबर फुगते आणि पुन्हा साधे डिझेल मिळाले की आक्रसते, म्हणून एरवी कोरडे दिसणारे जोड इंधन बदलल्यावर पाझरू शकतात. अशी गळती व्हायचीच असेल तर ती माझ्या दारात व्हावी, नव्या मालकाच्या दारात होऊ नये, असे मला वाटत होते.

आणि ती झालीच. २१ जानेवारीला मी गाडी एका त्रयस्थ मेकॅनिककडे तपासायला नेली. नेहमीच्या गॅरेजात मुद्दाम नेली नाही, कारण तिथला अहवाल घेणाऱ्याला माझ्या बाजूचा वाटला असता. मेकॅनिकने चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते मोजले; ते २६ ते २८ बारच्या दरम्यान, म्हणजे ठीक भरले. धुराची तपासणी केली, तीही ठीक निघाली. मग इंजेक्टरांवरून, म्हणजे सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या भागांवरून, जास्तीचे इंधन परत नेणाऱ्या बारीक नळ्यांवर बोट फिरवून त्याने ते मला दाखवले. बोट ओले होते आणि नळीचे रबर दाबल्यावर पिठासारखे मऊ लागत होते.

मला हे खरेच वाटेना. २०१० मध्ये बायोडिझेल सुरू करण्यापूर्वी इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या काढून त्या जागी फ्लुरोइलॅस्टोमरच्या, म्हणजे बाजारात व्हायटन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रबराच्या नळ्या बसवल्या होत्या. नैसर्गिक रबर आणि नायट्राइल रबर बायोडिझेलपुढे टिकत नाहीत, व्हायटन टिकते. त्याचे बिल माझ्याकडे होते आणि त्याच बिलाच्या भरवशावर मी जाहिरातीत ‘बायोडिझेलसाठी पूर्णपणे योग्य’ असे लिहिणार होते. घरी येऊन सगळी बिले तारखेने लावली तेव्हा उलगडा झाला. २०१९ मध्ये इंजेक्टर काढून त्यांचे नोझल दुरुस्त केले होते; ते काम दुसऱ्या गॅरेजात झाले, त्यांनी परतीच्या नळ्या बदलून साध्या रबराच्या लावल्या, आणि मीही त्यांना इंधनाविषयी काही सांगितले नव्हते. २०१० चे बिल खरे होते, पण २०२३ मधल्या गाडीविषयी ते पूर्ण खरे सांगत नव्हते. त्या रात्री मला जी अस्वस्थता वाटली ती आजही आठवते, कारण हे तपासले नसते तर मी अगदी प्रामाणिक मनाने एका अनोळखी माणसाला चुकीचे सांगितले असते, आणि तापलेल्या इंजिनावर इंधन पाझरणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

नळ्या बदलल्या, त्यांचा खर्च अवघा १ टक्का आला. तपासणीचे ३ टक्के, इंधनाचा फिल्टर आणि इंजिन ऑइल यांचे मिळून २ टक्के. टायमिंग बेल्ट बदलायला अजून १५,००० किलोमीटर होते, तो मी बदलला नाही, पण पुढची मुदत जाहिरातीत लिहिली. रंगरंगोटीवर काही खर्च केले नाही आणि त्याची उणीव कधी भासली नाही.

किंमत ठरवताना मोह होतो. एवढी काळजी घेतलेली, खास नळ्या बसवलेली गाडी, तिला थोडे जास्त का मिळू नये, असे मलाही वाटले. पण त्याच सालच्या, तेवढ्याच चाललेल्या साध्या डिझेल गाड्यांचे भाव पाहिल्यावर मी बायोडिझेलसाठी काहीही जास्त न लावता मधला आकडा धरला. बायोडिझेल हवे असणारा घेणारा शंभरात एखादा असतो. उरलेल्यांच्या दृष्टीने ती एक शंका असते, आणि शंकेचे कोणी जास्त पैसे देत नाही.

जाहिरात १६ फेब्रुवारीला दिली. त्यातल्या एका वाक्यावर मी जवळजवळ एक संध्याकाळ घालवली आणि शेवटी ते असे झाले: ‘२०१० पासून २० ते ५० टक्के बायोडिझेल मिश्रणावर चालवली आहे, इंधनाच्या सर्व नळ्या व्हायटनच्या, परतीच्या नळ्या जानेवारी २०२३ मध्ये बदलल्या, बिले आणि इंधनाची वही पाहता येईल, उत्पादकाच्या पुस्तिकेत मात्र फक्त ईएन ५९० मानकाचे डिझेल भरावे असे लिहिले आहे.’ शेवटचा भाग लिहावा की नाही याविषयी घरात मतभेद झाले. ईएन ५९० या साध्या डिझेलच्या युरोपीय मानकात आज जास्तीत जास्त ७ टक्के बायोडिझेल चालते. त्यापुढचे जे मी वापरले ते माझ्या जबाबदारीवर, उत्पादकाच्या परवानगीने नव्हे. ‘योग्य’ या एका शब्दात ही दोन्ही विधाने मिसळून जातात, आणि घेणारा त्यातले मोठे विधान ऐकतो. म्हणून मी तो शब्दच वगळला.

पहिल्या दहा दिवसांत १७ फोन आले. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘शेवटचे किती?’ हाच होता. गाडी न पाहता किंमत कमी करायची नाही असे ठरवून ठेवल्यामुळे ती संभाषणे लवकर संपत. एका दलालाने घरी येऊन गाडी पाहिली, ‘बायोडिझेलवर चाललेली म्हणजे पंप गेलाच समजा’ असे सांगितले आणि मागितलेल्या किमतीच्या चौथा भाग कमी करून लगेच रोख द्यायची तयारी दाखवली. मी त्यांच्यापुढे तपासणीचा अहवाल ठेवला. तो त्यांनी उघडला नाही. पाच आठवडे कागदांच्या मागे धावल्यावर आलेला तो थकवा असा होता की क्षणभर हो म्हणावेसे वाटले होते. ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांनी असा सौदा करण्यात गैर काही नाही, पण तो थकव्याच्या दिवशी करू नये.

२६ फेब्रुवारीला आलेल्या गृहस्थांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्यांचा गैरसमज फार जणांचा असतो. त्यांना गाडी मनापासून आवडली होती. उपाहारगृहांतून तळणीचे वापरलेले तेल आणून, कापडातून गाळून, थेट टाकीत ओतायचा त्यांचा विचार होता. ‘ताई, १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते,’ असे ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. पण बायोडिझेल म्हणजे गाळलेले तेल नव्हे. तेलावर मिथेनॉल आणि अल्कली यांची प्रक्रिया करून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढतात, तेव्हा उरलेला पातळ द्रव म्हणजे बायोडिझेल. ४० अंश सेल्सियसला त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, बायोडिझेलच्या ईएन १४२१४ या युरोपीय मानकानुसार ३.५ ते ५ एककांच्या आत असावी लागते. प्रक्रिया न केलेले खाद्यतेल त्याच तापमानाला ३० ते ४० एककांचे असते. एवढे दाट तेल माझ्या गाडीच्या इंजेक्टरातून नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते, पिस्टनच्या कड्यांवर चिकटा धरते आणि इंजिन ऑइलमध्ये उतरते. मी त्यांना हे कागदावर आकडे मांडून सांगितले. तेल आधी गरम करण्याची वेगळी यंत्रणा बसवणारे लोक आहेत, पण माझ्या गाडीत ती नाही, हेही सांगितले. ते काहीसे नाराज होऊन गेले. एक गिऱ्हाईक हातचे गेले याचे वाईट वाटले. परंतु सहा महिन्यांनी बंद पडलेल्या इंजिनाचा दोष ‘बायोडिझेलची म्हणून विकली होती’ या वाक्याने माझ्याकडे आला असता, ते मला नको होते.

४ मार्चला जे आले त्यांनी फोनवरच सांगून ठेवले होते की मी पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका. आल्याआल्या त्यांनी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली आणि मगच किल्ली फिरवली. जुन्या डिझेल गाडीची खरी परीक्षा थंड इंजिन सुरू होताना होते; गरम इंजिन पुष्कळ दोष झाकते. त्यांच्याकडे आधीपासून बायोडिझेलवर चालणारे एक वाहन होते, त्यामुळे त्यांचे प्रश्न नेमके होते: इंधन कोणत्या मानकाचे घेत होता, पहिल्यांदा सुरू केल्यावर फिल्टर किती वेळा बदलला, टाकीच्या तळाशी पाणी कधी सापडले का. इथे माझी वही कामाला आली. २०१० पासून प्रत्येक वेळी भरलेले इंधन, मिश्रणाचे प्रमाण, किलोमीटर आणि फिल्टर बदलल्याची तारीख तिच्यात होती. पहिल्या ३,००० किलोमीटरांत तीन फिल्टर गेले होते, कारण बायोडिझेल टाकीतला जुना साका सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. ही नोंद लपवावी असे कोणाला वाटेल. त्यांना मात्र तीच पाहून भरवसा वाटला, कारण त्यांच्या वाहनाचेही असेच झाले होते. २०१९ च्या नळ्यांची हकीकत मी आपण होऊन सांगितली. लिटरमागे सरासरी किती किलोमीटर पडतात या प्रश्नावर, निम्म्या मिश्रणावर ४ टक्क्यांच्या आसपास कमी पडते, असेच वहीतले उत्तर दिले. निव्वळ बायोडिझेलमध्ये लिटरमागे सुमारे ८ टक्के ऊर्जा कमी असते, त्याच्याशी ते जुळते.

११ मार्चला ते आपला मेकॅनिक घेऊन पुन्हा आले आणि क्लच थोडा वर पकडतो आहे, म्हणजे झिजत चालला आहे, हे त्याने दाखवले. ते बरोबर होते. मागितलेल्या किमतीच्या ९३ टक्क्यांवर व्यवहार ठरला आणि १३ मार्चला १० टक्के बयाणा घेतला. बयाण्याच्या कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, न दिल्यास बयाण्याचे काय, आणि नोंदणीत माझ्या बाजूने काही अडचण निघाल्यास पूर्ण परतावा. तोंडी बोलण्यावर आमचा दोघांचाही विश्वास होता, तरी लिहिल्यामुळे कोणालाही पुढे अवघडावे लागले नाही.

१७ मार्चला आम्ही बँकेत भेटलो. रक्कम माझ्या खात्यात जमा झाल्याचे बँकेच्या काउंटरवर विचारून घेतले. समोरच्याच्या फोनवरचे चित्र हा पुरावा नव्हे, आणि हे सांगायला संकोच वाटू देऊ नये. त्यांनी स्वतःच ‘ताई, आधी खात्री करा, मग किल्ली द्या’ असे म्हटले. ताबा पावतीवर तारीख, वेळ सायंकाळी ६ वाजून १० मिनिटे, किलोमीटरचा आकडा, दोन्ही किल्ल्या, चासिस व इंजिन क्रमांक, आणि ‘आहे त्या स्थितीत, तपासून घेतली’ हे शब्द लिहून दोघांनी सह्या केल्या. गाडीच्या यंत्रणेत साठलेले माझे फोन क्रमांक मी आदल्या दिवशी पुसले होते. बिलांची फाइल, एक नवा इंधन फिल्टर आणि वही त्यांना दिली. वहीची प्रत माझ्याकडे ठेवली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा डोळे भरून आले.

१८ मार्चला विमा कंपनीला लेखी कळवले. विमा लगेच रद्द करू नये, आधी विचारावे. नाव बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर विम्याशिवाय राहता कामा नये. मालकीबदलाचा अर्ज आम्ही २० मार्चला एकत्र जाऊन दिला, आणि २९ मार्चला तो परत आला. कारण सहीचे होते. २००३ मधली माझी सही पूर्ण नावाची होती, आताची आद्याक्षरांची. ओळखपत्र आणि दोन्ही सह्या माझ्याच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून ३ एप्रिलला पुन्हा अर्ज दिला. बोजा उतरवणे, प्रतिज्ञापत्र आणि प्रती यांचा माझ्या वाट्याचा खर्च दीड टक्का झाला. मालकीबदलाचे शुल्क त्यांनी भरले, तसे बयाण्यातच ठरले होते.

या मधल्या काळाची मला सर्वांत जास्त भीती वाटत होती. पैसे आले, गाडी गेली, आणि तरी नोंदणीत मालक मीच. ८ एप्रिलला वेगमर्यादा ओलांडल्याची नोटीस माझ्या नावाने आलीच. घटना २५ मार्चची होती. मी नव्या मालकांना फोन केला, त्यांनी लगेच चूक मान्य करून दंड भरला. मी ताबा पावतीची प्रत जोडून संबंधित कार्यालयाला कळवले आणि पोच घेतली. त्या पावतीवर तारखेबरोबर वेळही असावी असा आग्रह मी का धरला होता, ते त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळले.

२४ एप्रिलला मालकीबदल झाल्याचा संदेश आला. केवळ संदेशावर न थांबता मी नोंदणीच्या उताऱ्यात नवे नाव प्रत्यक्ष पाहिले, त्याची प्रत फाइलला लावली आणि मग विम्याचे उरलेले काम मिटवले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वहीच्या एका पानाचे छायाचित्र पाठवले. माझ्या शेवटच्या नोंदीखाली त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या: पहिल्या ओळीत २० टक्के मिश्रण भरल्याची तारीख, दुसऱ्या ओळीत ८०० किलोमीटरांवर फिल्टर उघडून पाहिला, स्वच्छ होता, आणि परतीच्या नळ्या कोरड्या.